हलायचं कोणी?

‘जरा डावीकडे घ्या’ एवढ्या एका वाक्याने महाराष्ट्रातलं जितकं एमडीएफ वाया गेलं असेल तितकं वाळवीनेही खाल्लं नसेल. वाळवी निदान एका कडेपासून सुरुवात करते. संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या सीएनसी राउटरच्या वर्कशॉपात देव्हाऱ्याचं दार, दारावरची पाटी नाहीतर हॉलमधल्या पार्टिशनची जाळी कापून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहतं, मॉनिटरवर बोट टेकवतं (त्या बोटाचा डाग पुढच्या गिऱ्हाइकाला डिझाइनचाच भाग वाटतो) आणि फर्मावतं, ‘हा ओम जरा डावीकडे घ्या.’ ऑपरेटर विचारतो, ‘कशाला धरून?’ ‘कशाला म्हणजे? डावीकडे! डावी बाजू माहीत नाही का?’ ऑपरेटर ओम पाच मिलिमीटर सरकवतो. ‘अहो, एवढा नको.’ तो दोन मिलिमीटर परत आणतो. ‘हं. पण आता उजवीकडचं कमळ मोठं दिसायला लागलं.’ कमळाला कोणी हातही लावलेला नसतो. पाऊण तासाने ओम जिथून निघाला होता तिथेच येऊन पोचतो. गिऱ्हाईक समाधानाने म्हणतं, ‘बघा, आधीच असं केलं असतं तर!’ आणि जिना उतरता उतरता घरी फोन करून सांगतं की यांचं सॉफ्टवेअर फार किचकट आहे.

हा किचकटपणाचा आरोप तपासून बघायला हवा, कारण तो सगळेच करतात. गिऱ्हाईक करतं, इंटीरिअरवाला करतो, नुकताच कोर्स करून आलेला मुलगा करतो, आणि ज्यांना वर्तमानपत्राची घडीसुद्धा कडेला कड जुळवून घालता येत नाही असे माझ्यासारखे लेखक तर हिरिरीने करतात. माझं म्हणणं उलट आहे. दोन वस्तू एकमेकींच्या मानाने नीट बसवायच्या तर एकीने जागेवर राहायला हवं आणि दुसरीने हलायला हवं. सॉफ्टवेअर विचारतं ते इतकंच, की हलायचं कोणी? साधा प्रश्न आहे. पण घरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि एसटीच्या तीन जणांच्या बाकावर हा प्रश्न आपण जन्मभर टाळत आलेलो असतो. सगळं एका रेषेत असावं असं प्रत्येकालाच वाटतं, फक्त त्यासाठी दुसऱ्यांनी सरकावं. संगणकासमोर बसल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी तोंडावर विचारतं, आणि तेही दर क्लिकला. मग तो किचकट वाटणारच.

वस्तू एकमेकींशी जुळवून देणारं अलाइनचं बटण घ्या. व्हीकार्व्ह किंवा ॲस्पायर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काही वस्तू निवडून ते दाबलं की शेवटी निवडलेली वस्तू जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे जातात. कोरलड्रॉमध्ये एकेक करून निवडल्या तर नियम तोच, पण माउसने चौकट ओढून सगळ्या एकदम उचलल्या तर जी वस्तू सर्वांत शेवटी काढलेली असेल ती जागेवर राहते. म्हणजे वस्तू त्याच, बटण तेच, आणि निकाल मात्र तुम्ही कोणाला कधी हात लावलात त्यावर. नवा मुलगा आधी दार निवडतो, मग ओम निवडतो आणि ‘सेंटर’ दाबतो. ओम ढिम्म हलत नाही. अख्खं दार उठून ओमच्या दर्शनाला जातं. बिजागऱ्यांची भोकं, जाळी आणि चार कोपऱ्यांतली चार कमळं जुन्याच पत्त्यावर राहतात. भक्तिमार्गात हे योग्यच आहे, सुतारकामात नाही. ‘मी तर सेंटरच केलं होतं,’ मुलगा म्हणतो. ‘केलंस रे, पण कोणाचं कोणाशी?’ मालक विचारतो. इंकस्केप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तर यादीच समोर ठेवतं: शेवटी निवडलेल्याला धरून, पहिल्याला धरून, सर्वांत मोठ्याला धरून, सर्वांत लहानाला धरून, पानाला धरून. यातला ‘सर्वांत मोठ्याला धरून’ आपल्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. ‘सर्वांत लहानाला धरून’ हा पर्याय कशाला ठेवलाय, असं मात्र हमखास विचारलं जातं. सर्वांत लहान वस्तू जागेवर राहील आणि मोठ्या मोठ्या वस्तू उठून तिच्याकडे जातील, हे आपल्याकडे फक्त घरात तान्हं बाळ आलं की घडतं.

इथे गणित चांगलं असलेला एक वर्ग पुढे सरसावतो. तो म्हणतो, हे नातेवाईकपण हवंच कशाला? देकार्तने १६३७ साली भूमितीवरचा निबंध छापून बिंदूला आकड्यांत पकडायची सोय करून ठेवली आहे. प्रत्येक वस्तूला एक एक्स द्या, एक वाय द्या आणि विषय संपवा. कोणी कोणाला धरायला नको. आक्षेप तगडा आहे, आणि गिऱ्हाइकाचा फोन येईपर्यंत टिकतोही. दार ६१० मिलिमीटर रुंद, ओम डाव्या कडेपासून ३०५ वर, सगळं छान. मग फोन येतो, ‘अहो, गवंड्याने प्लॅस्टर जरा जाड केलंय, दार २० मिलिमीटरने कमी करा. बाकी काही बदलू नका हं.’ दार ५९० होतं. ओम ३०५ वरच बसून राहतो, म्हणजे मध्यापासून चक्क दहा मिलिमीटर उजवीकडे. ३०५ या आकड्याला आपली जागा पाठ असते, पण आपण तिथे का बसलो होतो हे ठाऊक नसतं. ते ६१० चं निम्मं आहे हे फक्त ऑपरेटरच्या डोक्यात होतं, आणि ऑपरेटर चहाला गेला आहे. ‘बाकी काही बदलू नका’ या वाक्यात गिऱ्हाइकाला सगळी नाती जशीच्या तशी हवी असतात. आकड्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो: सगळे आकडे बदला.

शिवाय हे आकडे तरी कुठे निराधार असतात? ते शून्यापासून मोजलेले असतात, आणि शून्य कुठे ठेवायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. व्हीकार्व्हमध्ये नवं काम उघडलं की आधी तेच विचारतात: मालाच्या चार कोपऱ्यांपैकी एक, की मध्य? उंचीच्या दिशेला पुन्हा वेगळं शून्य: मालाच्या वरच्या पृष्ठभागावर, की मशिनच्या बेडवर? डिझाइन करणाऱ्याने एक उत्तर दिलं आणि मशिन चालवणाऱ्याने दुसरं धरलं, की मग मजा येते. समजा १८ मिलिमीटरच्या बोर्डावर ६ मिलिमीटर खोल नक्षी आहे. फाइलमध्ये शून्य वर, आणि ऑपरेटरने ते लावलं बेडवर. टूल अख्खा बोर्ड पार करून बेडमध्ये आणखी सहा मिलिमीटर खोल कमळ कोरतं. बेडवरचं ते कमळ पुढे वर्षानुवर्षं नव्या मुलांना दाखवायच्या कामी येतं. उलट झालं, म्हणजे फाइलमध्ये शून्य बेडवर आणि ऑपरेटरने ते धरलं बोर्डाच्या वर, तर टूल बोर्डाच्या बारा मिलिमीटर वर राहून हवेत अतिशय सुबक नक्षीकाम करतं. स्पिंडल फिरतोय, मशिन घूं घूं करतंय, पडद्यावर टक्केवारी चढतेय, आणि सगळे हात बांधून कौतुकाने बघताहेत. अकरा टक्क्यांवर कोणीतरी विचारतं, ‘भुसा का पडत नाहीये?’ दोन्ही माणसं हुशार होती, दोघांचे आकडे शंभर टक्के बरोबर होते. फक्त कशापासून मोजायचं, हे त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. विचारायला कमीपणा वाटतो ना.

आता ‘सारख्या अंतरावर’ या निरागस दिसणाऱ्या मागणीकडे येऊ. देव्हाऱ्याच्या वरच्या पट्टीवर पाच घंटा कोरायच्या आहेत, पट्टी ६०० मिलिमीटर लांब. ‘पाच घंटा सारख्या अंतरावर घ्या’ यात कोणाला काही शंका येईल असं वाटत नाही. पण ६०० ला पाचाने भागलं तर १२० चे पाच भाग पडतात आणि घंटा प्रत्येक भागाच्या मध्यावर, म्हणजे ६०, १८०, ३०० अशा बसतात. मग दोन घंटांमधलं अंतर १२० आणि कडेला मात्र ६०. सहाने भागलं तर १००, २००, ३०० अशा बसतात, कडेचं अंतरही १०० होतं, पण घंटा मध्ये गोळा होऊन आल्यासारख्या दिसतात. चाराने भागलं तर पहिली घंटा शून्यावर आणि शेवटची ६०० वर, म्हणजे दोन्ही टोकांच्या घंटा अर्ध्या पट्टीवर आणि अर्ध्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. तिन्ही उत्तरांत अंतर सारखंच आहे. वर गिऱ्हाइकाला मधली घंटा मोठी हवी असते. मग मध्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं की घंटांमधली मोकळी जागा, असा चौथा आणि पाचवा पाठ सुरू होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींसाठी खरोखर वेगवेगळी बटणं असतात. ‘सारखं’ म्हणून मोकळं होता येतं, कशाशी सारखं ते कोणी सांगत नाही. तीच गत ‘कडेपासून’ या शब्दाची. कप बिजागरीचं भोक ३५ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि दाराच्या कडेपासून ते साधारण तीन ते सहा मिलिमीटर सोडून घेतात. ‘कडेपासून पाच’ असा निरोप येतो. भोकाच्या काठापर्यंत पाच की मध्यापर्यंत पाच? दोन्हींत साडेसतरा मिलिमीटरचा फरक आहे. मध्यापर्यंत धरलं तर भोक दाराच्या कडेतून बाहेर फुटतं आणि दाराचा कोणीतरी घास घेतल्यासारखं दिसतं. निरोप आणणारा तेव्हाही म्हणतो, ‘मी पाचच सांगितलं होतं.’ खरंच आहे. पाचच सांगितलं होतं.

सर्वांत मोठी गंमत मात्र पाट्यांवर होते, आणि तिथे मराठी माणसाला घरच्या घरी पुरावा मिळतो. पाटीवर एका ओळीत दोन नावं घ्यायची आहेत: वैशाली आणि राजू. दोन्ही नावं वेगवेगळ्या वस्तू म्हणून टाइप केली, एकच फाँट, एकच आकार. आता उंचीत जुळवायची. सॉफ्टवेअर प्रत्येक नावाभोवती मनातल्या मनात एक घट्ट चौकोन काढतं आणि ते चौकोन जुळवतं. अक्षरांशी त्याला देणंघेणं नसतं. ‘वैशाली’च्या डोक्यावर दोन मात्रा आणि एक वेलांटी, खाली काही नाही. ‘राजू’च्या डोक्यावर काही नाही, खाली एक दीर्घ उकार. वरच्या कडा जुळवल्या, तर वैशालीच्या मात्रेचं टोक राजूच्या शिरोरेषेला टेकतं आणि तिची स्वतःची शिरोरेषा खाली जाते. खालच्या कडा जुळवल्या, तर राजूचा उकार वैशालीच्या पायाशी येतो आणि राजू वर उचलला जातो. मध्य जुळवले, तर दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या होतात. म्हणजे बटणं तिन्ही वेगळी, आणि तिन्हींत शिरोरेषा राजूचीच वर! ‘मुद्दाम केलंय का हो?’ वैशालीताई विचारतात. ‘नाही मॅडम, कॉम्प्युटरने केलंय.’ ‘मग कॉम्प्युटरला सांगा.’ राजूभाऊ या क्षणी भिंतीवरच्या पॉलिशच्या नमुन्यांकडे बघत असतात.

यावर एक तडफदार आक्षेप येतो, की परदेशातल्या लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या लिपीवर अन्याय करणारच. हा आक्षेप घ्यायला छाती भरून येते, त्यामुळे तो लोकप्रिय आहे. काही बाबतींत तो खराही होता. जुन्या प्रोग्रामांत देवनागरी नीट जुळत नसे आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन उभी राही. म्हणून मग दुसरीकडे टाइप करून, अक्षरांचे वळणदार आकार बनवून फाइल आणायची पद्धत पडली, आणि एकदा आकार झाल्यावर ‘कुलकर्णी’तली चुकलेली वेलांटी दुरुस्त करणं म्हणजे ती वेलांटी नव्याने कोरणं झालं. पण चौकोनाच्या बाबतीत पक्षपात नाही. रोमनमधली जी, पी आणि वाय ही अक्षरंही शेपट्या खाली सोडून बसतात आणि त्यांच्याही पाट्या अशाच झोके घेतात. चौकोनाला कोणतीच लिपी कळत नाही. उपाय पाच सेकंदांचा आहे: एक आडवी रेघ आखा आणि दोन्ही शिरोरेषा तिच्यावर टेकवा, किंवा दोन्ही नावं एकाच ओळीत एकदम टाइप करा. मात्र पहिल्या उपायासाठी आपल्याला जुळवायची आहे ती शिरोरेषा, असं मोठ्याने म्हणावं लागतं. आपण ‘नीट लावा’ म्हणतो. नीट हा शब्द उच्चारला की पुढची जबाबदारी समोरच्याची.

नाती एकदाच सांगून कायमची लक्षात ठेवणारी सॉफ्टवेअरंही आहेत, आणि त्यांचं मूळ बरंच जुनं आहे. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. टीएक्स-२ नावाचा अवाढव्य संगणक, समोर पडदा, हातात प्रकाशाची लेखणी. कशीतरी वेडीवाकडी रेघ ओढायची आणि सांगायचं, या दोन रेघा समांतर ठेव, या दोन एका लांबीच्या कर. संगणक ते सगळं पाळून आकृती बसवून देई. आज सॉलिडवर्क्समध्ये यालाच रिलेशन म्हणतात. तिथे साध्या आयतालासुद्धा चार प्रकारची मोकळीक असते: आडवा सरकेल, उभा सरकेल, रुंद होईल, उंच होईल. वर्तुळाला तीन. ही मोकळीक असेपर्यंत रेषा निळ्या दिसतात, ती पूर्ण काढून घेतली की काळ्या होतात. आता ओम दाराच्या मध्याशी बांधला, तर दार ५९० करा नाहीतर ६५०, ओम आपला मध्यावर. अलाइनचं बटण त्या क्षणापुरतं वस्तू जुळवून देतं आणि विसरतं. रिलेशन विसरत नाही.

मग सगळीकडे रिलेशनच लावावीत? इथे आपला स्वभाव आडवा येतो, कारण एकदा नाती लावायची म्हटली की आपण एकही सोडत नाही. डावीकडे १०० सोडा, मधली नक्षी ४००, उजवीकडे १००, आणि दार ६१०. सॉफ्टवेअर लाल-पिवळं होतं आणि कळवतं की अटी जास्त झाल्या. बेरीज ६०० होते, दार ६१० आहे, यातली एक अट काढा. हा प्रकार लग्नातल्या ग्रुप फोटोसारखा आहे. वरमाई अगदी टोकाला हवी, कारण तिची पैठणीची बाजू दिसली पाहिजे. तिला खेटून मावशी हव्यात, कारण त्या तिच्या सख्ख्या बहीण. तिलाच खेटून आत्याही हव्यात, नाहीतर त्या फोटोतच येणार नाहीत. टोकाच्या माणसाला शेजार एकच असतो, हे भूमितीचं सत्य त्या स्टेजवर कोणी उच्चारू शकत नाही. फोटोग्राफर ‘जरा हसा’ म्हणून क्लिक करतो आणि सुटतो. सॉफ्टवेअरला असं सुटता येत नाही. ते थांबून राहतं आणि विचारतं, कोणतं नातं काढू? यावर गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं असतं: ‘कोणतंच काढू नका. तुम्ही ॲडजस्ट करा ना थोडं.’ दहा मिलिमीटर कोणाच्याही अंगावर न घालता नाहीसे करायचे असतात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात हे जमतं म्हणतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत भावनिक आहे. जुने सुतार काय संगणक घेऊन बसले होते? त्यांच्या नजरेतच माप होतं! हा आक्षेप घेणाऱ्याने जुना सुतार काम करताना पाहिलेला नसतो, फक्त काम झाल्यावर पाहिलेला असतो. तो सुतार नजरेने काही करत नव्हता. फळी हातात आली की आधी तो रंध्याने एक बाजू आणि एक कड सरळ करून घेई, गुण्या लावून काटकोन तपाशी, त्या कडेवर पेन्सिलीने खूण करी, आणि पुढची सगळी मापं त्या एकाच कडेपासून घेई. हलायचं कोणी नाही हे त्याने चहा प्यायच्या आधी ठरवलेलं असे. त्याला दुसऱ्या बाजूने माप घ्या म्हणून सांगून बघा, तो फळी तुमच्याच हातात देईल. संगणकही फक्त तेवढीच एक कड मागतो आहे. उलट आपण आधुनिक लोक मापाला माप जोडत जातो: या पट्टीपासून ती पट्टी, त्या पट्टीपासून पुढची. मशिनच्या भाषेत यासाठी दोन वेगळे हुकूम आहेत. जी ९० दिला की सगळं शून्यापासून मोजायचं, जी ९१ दिला की आत्ता जिथे उभे आहात तिथून. आता सुतार म्हणाला, ‘दोन पट्ट्यांत चार सूत सोडा.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२.७. ऑपरेटरने सूत म्हणजे तीन असं धरून बारा घेतले. शून्य पॉइंट सात मिलिमीटर, कोणाच्या डोळ्याला दिसणार आहे? पण जाळीत अशा वीस फटी एकीला एक जोडून आल्या तर चौदा मिलिमीटर होतात, अर्ध्या इंचाहून जास्त. शेवटच्या पट्टीनंतर जाळी आणि चौकट यांच्यात पाल आरामात ये-जा करू शकेल एवढी वाट उरते. प्रत्येक पट्टीची जागा एका कडेपासून मोजली असती तर एकीची चूक पुढचीच्या अंगावर चढली नसती. साखळीत मात्र प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाचा शेजारी खरोखर शून्य पॉइंट सातनेच चुकलेला असतो.

कशाला धरायचं ते न सांगण्याची आपली सवय ओळखून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एक मदतनीसही ठेवला आहे. वस्तू ओढत नेली की ती जवळच्या टोकाला, मध्याला, कडेला आपोआप चिकटते. उत्साही मदतनिसाचे सगळे गुणदोष त्याच्यात आहेत. कधीतरी पुसायची राहून गेलेली, डोळ्यांना न दिसणारी ठिपक्याएवढी रेघ कोपऱ्यात पडलेली असते आणि कमळ तिलाच जाऊन बिलगतं. ‘कशाला चिकटलंय हे?’ कोणालाच कळत नाही. कमळ सोडवून आणलं की पुन्हा तिथेच जातं. कशाला धरायचं हे आपण सांगितलं नाही, तर ते स्वतःच कोणालातरी धरतं, इतकाच त्याचा अर्थ.

अखेर पाटी तयार होते. शिरोरेषा जुळलेल्या, नावांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा एकसारखी, ओम नक्की कोणाच्या मध्यावर आहे ते एकदाचं लेखी ठरलेलं. सुतार ती घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातो, भिंतीला ओळंबा लावतो, आणि त्याच्या लक्षात येतं की दाराची चौकटच ओळंब्यात नाही. वरच्या बाजूला ती बोटभर आत झुकली आहे. पाटी ओळंब्यात लावली तर चौकटीशेजारी तिरकी दिसणार, चौकटीला धरून लावली तर खरंच तिरकी असणार. स्विचबोर्ड या दोघांशीही सहमत नाही, तो इलेक्ट्रिशियनच्या वेगळ्या विचारसरणीचा आहे. सुतार हातोडी खाली ठेवतो आणि घरमालकांना विचारतो, ‘काका, ओळंब्याला धरून लावू की चौकटीला?’ काका दोन पावलं मागे सरकून भिंतीकडे बघतात, चौकटीकडे बघतात, स्विचबोर्डाकडे बघतात, आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, ‘ते राहू दे. समोरच्या देशपांड्यांची पाटी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोज, आणि आपली दोन बोटं वर घे.’